हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी संगणकावर घेणे आणि डीव्हीडी करणे

गिरगावकर

माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी हँडीकॅमच्या कॅसेटी पडून आहेत अशी अजून खूप घरं मुंबईत आहेत. मुंज, बारसं, आजीची पंचाहत्तरी, सोसायटीचा गणपती. गिरगाव-परळ भागातल्या कितीतरी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिले. त्या चाळींचे जिने, गच्च्या, गॅलरीतली वाळवणं हलत्याबोलत्या रूपात आता या कॅसेटींशिवाय कुठेच नाहीत. त्या संगणकावर कशा घ्यायच्या, यासाठी हा धागा. मला नीट माहीत आहे तेवढं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

घाई करायला हवी ती कॅसेटपेक्षा यंत्रासाठी. कॅसेट कदाचित अजून काही वर्षं तग धरेल, पण ती वाजवणारं चालू यंत्र मिळणं दरवर्षी अवघड होतंय. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. टेपवाले हँडीकॅम दुकानांतून त्याआधीच दिसेनासे झाले होते. तुमच्याकडचा कॅमेरा आज चालू असेल तर काम आजच सुरू करा.

आधी कॅसेट ओळखा. पुस्तकाच्या आकाराची मोठी ती व्हीएचएस. तिची लहान आवृत्ती व्हीएचएस-सी, ही अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालते. ऑडिओ कॅसेटपेक्षा किंचित लहान पण जाड असेल तर ती ८ मिमी जातीची, आणि तिच्यात तीन प्रकार आहेत: १९८५ पासूनची व्हिडिओ८, १९८९ पासूनची हाय८ आणि १९९९ मध्ये सोनीने आणलेली डिजिटल८. बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात. शिवाय डिजिटल८ चा कॅमेरा हाय८ च्याच कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचा, म्हणून नुसतं लेबल वाचून भागत नाही, शूटिंग कुठल्या कॅमेऱ्यावर झालं ते घरात विचारावं लागतं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असेल तर मिनीडीव्ही.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८ वर चित्र मुळातच डिजिटल असतं. फायरवायर केबलने (ही यूएसबीहून वेगळी, जुनी जोडणी) ते संगणकावर घेतलं की टेपवरची माहिती आहे तशी फाइलमध्ये येते, दर्जात काडीचा फरक पडत नाही. कॅमेऱ्यावर या खाचेला 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' असं लिहिलेलं असतं. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. विंडोजवर 'विनडीव्ही' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर 'डीव्हीग्रॅब'. दोन्ही टेपमधली तारीख-वेळ वाचून प्रत्येक शॉटची वेगळी फाइल करू शकतात आणि फाइलच्या नावात शूटिंगची तारीख घालतात. मुलाचं पहिलं पाऊल कुठल्या दिवशी पडलं ते अशा तऱ्हेने आपोआप नोंदलं जातं. मात्र शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असायला हवं.

कॅमेऱ्याला यूएसबी खाच असते म्हणून त्यातून घेऊ नका. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ती मेमरी स्टिकवरचे फोटो काढण्यासाठी किंवा वेबकॅमसाठी दिलेली आहे. तिच्यातून येणारा व्हिडिओ छोटा आणि धूसर असतो.

व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ मात्र अॅनालॉग, म्हणजे त्यांवरचं चित्र आकड्यांच्या रूपात नसतं. त्यांचा सिग्नल कॅप्चर उपकरणाने डिजिटल करावा लागतो आणि इथे प्रत्येक दुव्याचा दर्जा मोजावा लागतो. पिवळ्या पिनेच्या केबलऐवजी एस-व्हिडिओ असेल तर तीच वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात.

आणि डीव्हीडीबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, सगळा धागा वाचला नाही तरी चालेल: डीव्हीडी ही वाटायची प्रत आहे, जपायची नव्हे. टेपवरून आलेली मूळ मोठी फाइल आधी दोन हार्ड डिस्कवर ठेवा. डीव्हीडी, मोबाइलवर पाठवायची फाइल, पेन ड्राइव्ह, हे सगळं त्यातून नंतर हवं तेव्हा करता येतं. थेट डीव्हीडी करून कॅसेट टाकून दिली तर मागे फिरायला वाट राहत नाही.

निशिगंध

अतिशय उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे हाय८ च्या वीसेक कॅसेटी आहेत, कॅमेरा कधीच बिघडला. व्हीएचएस-सी साठी मिळतो तसा या ८ मिमी कॅसेटसाठी अडॅप्टर मिळतो का? घरी व्हीसीआर चालू आहे. ऑनलाइन शोधलं तर काहीजण 'मिळतो' म्हणतात.

यंत्रदुरुस्ती

मिळत नाही ताई, आणि मिळू शकणारही नाही. व्हीएचएस आणि व्हीएचएस-सी दोन्हींची टेप अर्धा इंच रुंद, रेकॉर्डिंगची पद्धतही तीच, म्हणून तिथे नुसतं कवच मोठं करून काम होतं. तुमची टेप ८ मिमी रुंद आहे. व्हीसीआरचं हेड ती वाचूच शकत नाही. 'अडॅप्टर' म्हणून कोणी व्हीएचएस-सी चाच विकला आणि तुम्ही त्यात कॅसेट कोंबली तर कॅसेटही जाईल आणि व्हीसीआरही.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जुन्या अॅनालॉग टेपही वाजवणारा डिजिटल८ कॅमेरा शोधणं. सोनीच्या कित्येक डिजिटल८ मॉडेलांत ही सोय होती, पण सगळ्यांत नाही, त्यामुळे मॉडेलची पुस्तिका बघूनच घ्या. असा कॅमेरा हाय८ टेप वाजवताना स्वतःच तिचं डीव्ही करून फायरवायरमधून बाहेर काढतो. वेगळं कॅप्चर उपकरण लागत नाही. अनेक मॉडेलांत टाइम बेस करेक्टरही असतो. जुन्या टेपचं चित्र कडेला थरथरतं, उभ्या रेषा नागमोडी होतात, ते त्याने बरंच स्थिरावतं.

सेकंडहँड घ्यायला चोरबाजारात किंवा कुणाच्या घरी गेलात तर बरोबर एक बिनमहत्त्वाची कॅसेट न्या. कॅसेटचं दार दोन-तीनदा उघडझाप करा, टेप आत ओढताना आवाज ऐका. प्ले, पुढे, मागे, तिन्ही करून बघा. बॅटरी मेलेली असली तर काळजी नको, मूळ चार्जर असला की झालं, ट्रान्सफर नेहमी भिंतीच्या विजेवरच करायचं. फायरवायरची खाच मात्र चालू आहे का ते लॅपटॉप लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती खाच गेली असेल तर त्या कॅमेऱ्याचा अर्धा उपयोग गेला.

बोरिवली_पश्चिम

फायरवायर खाच असलेला संगणक आता आणायचा कुठून? माझ्या लॅपटॉपला नाही, ऑफिसच्याला नाही. 'फायरवायर ते यूएसबी' अशी केबल शंभर-दोनशे रुपयांत दिसते, ती चालेल का?

गिरगावकर

नाही चालणार, आणि कृपा करून लावूनही बघू नका. फायरवायर आणि यूएसबी यांची भाषाच वेगळी आहे. त्या केबलमध्ये नुसत्या तारा एकीकडून दुसरीकडे जोडलेल्या असतात, मध्ये भाषांतर करणारी चिप नसते. शिवाय सहा पिनांच्या फायरवायरमधून वीजही वाहते, ती यूएसबीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टची. चुकीच्या ठिकाणी गेली तर खाच जळते.

टेबलावरचा संगणक असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात चौकशी करा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम. विंडोज १० किंवा ११ वर कॅमेरा दिसला नाही तर मायक्रोसॉफ्टचा जुना, 'लेगसी' नावाचा १३९४ ड्रायव्हर (१३९४ हे फायरवायरचंच तांत्रिक नाव) घालावा लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे नातेवाइकांत कोणाकडे २०१० च्या आसपासचा मॅक किंवा खाच असलेला जुना लॅपटॉप पडून आहे का ते विचारणं. या कामाला ताकदवान संगणक लागत नाही. डीव्हीचा वेग सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास, जुनी हार्ड डिस्कही तो सहज झेलते.

नव्या मॅकवाल्यांनी एक लक्षात ठेवा. थंडरबोल्टला फायरवायर जोडणाऱ्या अडॅप्टरांची साखळी करून आतापर्यंत काम होत असे, पण मॅकओएस २६ पासून अॅपलने फायरवायर काढूनच टाकलं. जुना मॅक अपग्रेड करण्याआधी कॅसेटी उरकून घ्या.

केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असू द्या. कॅमेरा 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' वर ठेवूनच चालू करायचा, 'कॅमेरा' वर ठेवला तर टेपऐवजी समोरची भिंत रेकॉर्ड होईल. आणि सुरुवात करण्याआधी मिनीडीव्ही कॅसेटच्या कडेची खिट्टी 'सेव्ह' कडे सरकवा, व्हीएचएसची मागची प्लॅस्टिकची पट्टी तोडा. एकदा पुसलेलं शूटिंग परत येत नाही.

यंत्रदुरुस्ती

मुंबईच्या हवेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण परदेशी लेख वाचून काम करणाऱ्यांना तिथे हे सापडत नाही.

आपल्याकडे टेपचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात धरून बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालायची नाही. एकदा घातली की बुरशीचे कण हेडला आणि टेपच्या वाटेवरच्या खुंट्यांना चिकटतात, चित्र जातं, आणि त्यानंतर त्याच यंत्रात घातलेल्या चांगल्या कॅसेटीही बाधतात. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. हाताळताना नाकातोंडावर मास्क लावा, ती भुकटी छातीत जायला नको.

दुसरं, एसीच्या खोलीतला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत आणला की आतल्या ड्रमवर (हेड बसवलेला फिरता गोल भाग) दव धरतं. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळली जाते. सोनीचा कॅमेरा पडद्यावर 'सी:२१' ने सुरू होणारा आकडा दाखवून थांबतो तो यासाठीच. त्या वेळी कॅसेट काढून, दार उघडं ठेवून तासभर तरी थांबायचं. 'सी:२२' आला तर हेड मळलंय, क्लीनिंग कॅसेट फिरवा. 'सी:३१' म्हणजे आतलं यंत्र अडकलं. वीज काढून, कॅसेट बाहेर घेऊन परत लावून बघा, तरीही तोच आकडा आला तर जोर करू नका.

शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपल्याकडची चांगली वेळ.

वर्षानुवर्षं न वाजवलेली कॅसेट लगेच प्ले करू नये. आधी शेवटपर्यंत पुढे न्या, मग पूर्ण मागे आणा. गुंडाळीचे थर सुटतात, ताण सारखा होतो. हेड साफ करायला कानातल्या काड्या वापरू नका, कापसाचा तंतू हेडच्या फटीत अडकून हेड तुटतं. शॅमॉय कातडं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, कातडं स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवायचा, वर-खाली कधीही घासायचं नाही. हे जमेल असं वाटत नसेल तर जाणत्याकडे द्या, यात कमीपणा नाही.

कलिनाची_लेक

यंत्रदुरुस्ती दादा, तुम्हालाच विचारायचं आहे. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावरच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. माझ्या ताईच्या लग्नाची व्हीएचएस त्यात भिजली. आईने ती पुसून, वाळवून जपून ठेवली आहे, कधी लावली नाही. त्या लग्नात माझे बाबा आहेत, नंतर दोन वर्षांत ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. काही होऊ शकेल का?

यंत्रदुरुस्ती

ताई, तुमच्या आईंनी ती लावली नाही हे फार चांगलं केलं. आशा आहे. पाण्याने टेपवरची चुंबकीय नोंद पुसली जात नाही. धोका असतो तो चिखलाचा आणि चिकटलेल्या थरांचा. सुकलेला चिखल यंत्रात गेला तर तो हेड आणि टेप दोन्ही खरवडतो, आणि चिकटलेले थर ओढले तर वरचा मुलामा निघून येतो. चित्र आणि आवाज त्या मुलाम्यातच असतात.

आता काय करायचं नाही ते आधी: यंत्रात घालायची नाही, हाताने चक्र फिरवून बघायचं नाही, उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर धरायची नाही. व्हीएचएसच्या कवचाला खाली स्क्रू असतात. जाणता माणूस ते उघडून टेपची दोन्ही चक्रं दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवतो, त्याआधी टेप थराथराने सोडवून साफ करतो. काम सावकाशीचं असतं आणि टेप एकदाच नीट वाजेल या तयारीने करायचं असतं, म्हणजे पहिल्या वाजवण्यातच कॅप्चर. पूर्ण नाही आलं तरी तुकडे येतात. व्हीएचएसवर साधा आवाज टेपच्या कडेच्या पट्टीवर वेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे चित्र खराब असूनही आवाज मिळाला असं होऊ शकतं. तुम्हाला आवाजच हवा असेल तर काम करणाऱ्याला ते आधी सांगा.

दुकानात देणार असाल तर 'पाण्यात भिजलेली आहे' हे स्पष्ट सांगून द्या. न सांगता दिली तर ते सरळ यंत्रात घालतील.

कलिनाची_लेक

मनापासून आभार दादा. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

एडिसनहून

माझा भाऊ मुंबईत आहे, मी न्यू जर्सीत. मी १९९७ ते २००३ इथून आई-बाबांना कॅसेटी पाठवत असे, त्या सगळ्या आता दादरच्या घरी आहेत. भावाकडे भारतात घेतलेला कॅमेरा आहे, त्यावर चित्र काळंपांढरं आणि वर सरकणारं येतं. कॅसेटी खराब झाल्या असतील का?

गिरगावकर

बहुधा नाही. टीव्हीच्या चित्राची अमेरिकेत एनटीएससी पद्धत, भारतात पाल. एनटीएससीत सेकंदाला जवळपास ३० चित्रं आणि ४८० ओळी, पालमध्ये २५ चित्रं आणि ५७६ ओळी. एका पद्धतीची टेप दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रात लावली की तुम्ही लिहिलंत तसंच दिसतं. ८ मिमी कॅसेटच्या नावातही खूण असते: पी६ ने सुरू होत असेल तर ती एनटीएससी बाजारासाठी बनलेली, पी५ असेल तर पालसाठी. पण टेप तीच असते, त्यामुळे ही खूण म्हणजे फक्त अंदाज. शूटिंग कुठल्या देशातल्या कॅमेऱ्यावर झालं ते खरं.

तुमचा तिकडचा जुना कॅमेरा शिल्लक असेल तर तो भारतात येणाऱ्या कोणाबरोबर पाठवा. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. कॅसेटी अमेरिकेला पाठवण्यापेक्षा कॅमेरा इकडे आणणं मला जास्त सुरक्षित वाटतं. कॅमेरा हरवला तर दुसरा मिळेल.

आणि एनटीएससीचं पालमध्ये रूपांतर करायच्या फंदात पडू नका. फाइल एनटीएससीच राहू द्या, संगणक दोन्ही दाखवतो, भारतातले बहुतेक डीव्हीडी प्लेअरही एनटीएससी डिस्क चालवतात.

मुलुंडची_मावशी

मला तुमचं पुष्कळसं तांत्रिक कळलं नाही, पण मनापासून वाचलं. माझी गरज साधी आहे. माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत, नणंदा-दीर पाच ठिकाणी. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची मिनीडीव्ही माझ्या पुतण्याने कालच संगणकावर घेतली. सगळ्यांना डीव्हीडी करून द्यायच्या आहेत, कारण घरोघरी अजून प्लेअर आहेत आणि रिमोटचं एक बटण दाबलं की सुरू होतं. पुतण्या म्हणतो आता डीव्हीडी कोण बघतं. तुम्ही सांगा, करू की नको?

पवई_अभि

मावशी, पुतण्याशी मी सहमत आहे. नवीन टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की चालतो. नवीन लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. लिहिलेली डीव्हीडी दहा वर्षांनी चालेल याचा भरवसा नाही. वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

गिरगावकर

मावशी, जरूर करा. अभि, टिकाऊपणाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, ऊन आणि दमटपणा त्याला लागतो, म्हणूनच ती जपायची प्रत नाही. पण ९१ वर्षांच्या आजींना जे यंत्र हाताळता येतं त्यावर आजच्या आज बघता येणं, हे वाया जाणं कसं? त्यांनी बघावं म्हणूनच तर हे सगळं.

पुतण्याला हे वाचायला द्या. एका साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं, आणि डीव्हीडीचं चित्र एमपेग-२ मध्ये, सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटपर्यंत असतं. एक तास घातला तर ८ च्या आसपास ठेवता येतं आणि डोळ्याला मूळ टेपपेक्षा वेगळं वाटत नाही. दोन तासांना ४.५ पर्यंत उतरावं लागतं, माणसं स्थिर बसलेली असतील तर तेही चालतं. लेझीम किंवा मिरवणूक असेल तर चौकोन दिसायला लागतात. तीन तास एका डिस्कवर कोंबू नये. कार्यक्रम मोठा असेल तर दोन डिस्क करा.

डीव्हीडी तयार करायला 'डीव्हीडीस्टायलर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात पाल निवडा, ४:३ ठेवा. चित्र ताणून रुंद टीव्हीभर करू नका, सगळी माणसं बसकी आणि जाड दिसतात. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. टेपवरचं प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असतं, त्यांना फील्ड म्हणतात. डीव्हीत आधी खालचं फील्ड येतं, सॉफ्टवेअरमध्ये तेच सांगा. उलट लागलं तर हात हलला की चित्र थरथरतं आणि लोक टेपला दोष देतात. डीव्हीडीसाठी डीइंटरलेस (फील्डांची पूर्ण चित्रं) करायची गरज नाही, टीव्ही ते स्वतः बघून घेतो. मोबाइलवर पाठवायच्या फाइलसाठी मात्र करा, आणि सेकंदाला ५० चित्रं ठेवा म्हणजे हालचाल मूळसारखी मऊ राहते.

प्रत्येक प्रसंगाला वेगळं प्रकरण करा: औक्षण, तुला, जेवणावळ. आजींना रिमोटने थेट तिथे जाता येईल. लिहायचा वेग ४ किंवा ८ ठेवा, शेवटी डिस्क फायनलाइझ करा, नाहीतर दुसऱ्याच्या प्लेअरवर चालणार नाही. कागदी लेबल चिकटवू नका, मऊ टोकाच्या मार्करने लिहा. वाटण्याआधी प्रत्येक डिस्क संगणकावर नाही, टीव्हीच्या प्लेअरवर चालवून बघा.

आणि प्रत्येकाला डीव्हीडीबरोबर पेन ड्राइव्हवर एमपी४ ही द्या. अभिचंही समाधान आणि पुढच्या पिढीचीही सोय.

पवई_अभि

हे पटलं. दोन्ही देणं योग्य आहे, आजींचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

चित्पावनी_चहा

दुकानात देणाऱ्यांसाठी लिहिते, कारण प्रत्येकाला घरी जमणार नाही. देताना चार गोष्टी विचाराव्यात. मिनीडीव्ही फायरवायरने घेता की पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी? दुसरं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. मूळ डीव्ही फाइल हार्ड डिस्कवर देता की फक्त डीव्हीडी? कॅसेटच्या प्रती इथेच होतात की बाहेर पाठवता? आणि काम झाल्यावर त्यांच्या संगणकावरून आपली फाइल पुसतात का? घरगुती चित्रण आहे, बायकामुलांचं आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. सगळ्या कॅसेटी एकदम देऊ नका, आधी एक द्या, परत आलेलं नीट बघा, मग पुढच्या. प्रत्येक कॅसेटवर पेन्सिलने क्रमांक घाला आणि घरी वहीत त्याची नोंद ठेवा.

निशिगंध

+१. क्रमांकाची सूचना आजच अमलात आणते. आणखी एक प्रश्न. फाइली झाल्यावर त्यात कोण कोण आहे ते कसं नोंदवता? माझ्या आजोळच्या चित्रणात निम्मी माणसं मला ओळखूच येत नाहीत.

गिरगावकर

माझ्या मते या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरला जमत नाही. टेप यंत्रात वाचते, पण 'ही निळ्या नऊवारीतली कोण' ते फक्त आत्याला माहीत असतं, आणि आत्याचं वयही वाढतंय.

आम्ही असं करतो. घरातल्या मोठ्या माणसाला टीव्हीसमोर बसवतो, मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग लावून बाजूला ठेवतो, आणि व्हिडिओ सुरू करतो. मग फक्त ऐकायचं. कोण कुणाची, कुठल्या बिऱ्हाडातली, तेव्हा खोलीचं भाडं किती होतं, भांडण कशावरून झालं होतं, सगळं येतं. मध्ये प्रश्न फार विचारू नयेत, माणूस आपल्या ओघात असतो. ते रेकॉर्डिंग त्या व्हिडिओच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं. शिवाय साधी मजकुराची फाइल: वेळ, प्रसंग, डावीकडून उजवीकडे नावं, माहेरची आडनावं, जागा. 'आई', 'काका' असं लिहू नका, पूर्ण नाव लिहा. तुमच्या नातवाला तुमचे काका कोण ते कळणार नाही.

फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपोआप क्रमाने लागतात.

मुलुंडची_मावशी

हे आमच्याकडे येत्या रविवारीच करते. सासूबाईंना चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव पाठ आहे.

बोरिवली_पश्चिम

कार्ड मिळालं, बसवलं, लेगसी ड्रायव्हर घातला आणि विनडीव्हीत चित्र दिसलं! पहिली कॅसेट पूर्ण आली. पण दोन अडचणी आहेत. एका कॅसेटमध्ये मध्येच रंगीत चौकोन येतात आणि आवाज तुटतो. आणि १३ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवर जातच नाही, जागा भरपूर असूनही.

यंत्रदुरुस्ती

चौकोन म्हणजे त्या जागी हेडला टेप नीट वाचता येत नाही. आधी क्लीनिंग कॅसेट फिरवा, ती कोरडी असते आणि हेडला थोडी घासतेही, म्हणून काही सेकंदच. मग तोच भाग परत घ्या. तरी आलेच तर टेप एलपी (लाँग प्ले, म्हणजे हळू) वेगात रेकॉर्ड झाली होती का ते बघा. ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावली असतील तर एलपी आहे. एलपीत पट्टे अरुंद असतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्याशी जुळत नाहीत. ज्या कॅमेऱ्यावर शूट केलं तोच मिळवला तर बरेचदा साफ येतं. तोही नसेल तर दोन-तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर वाजवून बघा, एखाद्याचं हेड त्या पट्ट्यांशी जुळून जातं. एकच भाग दोनदा घेतला की चौकोन दर वेळी थोडे वेगळ्या ठिकाणी पडतात, चांगले तुकडे जोडता येतात.

गिरगावकर

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल ठेवताच येत नाही. त्यातलं आधीचं काही असेल तर बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण १३ जीबीच्या मूळ फाइली पेन ड्राइव्हवर ठेवू नका, त्यासाठी हार्ड डिस्कच घ्या. दोन घ्या, एक घरी, एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. समजा तुमच्याकडे ३० कॅसेटी असतील, तर पूर्ण एक-एक तासाच्या धरूनही त्या ४०० जीबीच्या आत बसतात. १ टीबीची डिस्क पुरेल आणि वर एमपी४ ठेवायलाही जागा राहील.

बाकी कॅसेटी टाकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, डबीत घालून, उभ्या लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कप्प्यात ठेवा. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.